पिंपातलं विरजण

उज्ज्वला मगदूम यांनी पिंप करायला घेतलं ते बागेसाठी, असं त्या सांगत. खरं तर बाग तेव्हा नव्हतीच. घरामागे अंगण होतं, त्यात एक कढीपत्ता, मोगऱ्याची दोन रोपं आणि जास्वंदीची एक काटकी. तेवढ्याला बोअरचं पाणी पुरून उरलं असतं. पण निवृत्त झाल्यापासून दिवस फार लांबला होता, आणि हाताला आठ-पंधरा दिवस चालेल असं काम हवं होतं.

नोकरीत असताना त्या तासगावच्या एस.टी. डेपोत आरक्षणाच्या खिडकीवर बसत. कुठं जायचं, कधी जायचं, किती माणसं, एवढेच प्रश्न. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोर माणसांची रांग असे. पुढे तिकिटं सगळी फोनवरच निघू लागली, खिडकी बंद झाली, आणि उरलेली वर्षं त्यांनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून काढली. नवरा गेल्यावर त्या बेलवडीला, गावाच्या टोकाला नवऱ्याने बांधून ठेवलेल्या दोन खोल्यांत राहायला आल्या. मुलगी केतकी ऑस्ट्रेलियात. ती दर रविवारी न चुकता फोन करायची आणि न चुकता विचारायची, "आई, बरी आहेस ना?" या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते दिल्यावर फारसं बोलायला उरत नाही.

घरामागच्या कुंपणाला लागून जमदाड्यांची बेदाण्याची शेड होती. वर छप्पर, बाजू मोकळ्या, आत जाळीचे मजले एकावर एक. त्यावर द्राक्षं पसरायची आणि वाऱ्याच्या हवाली करायची. तासगावकडची हवा फाल्गुनात इतकी कोरडी की पंधरवड्यात द्राक्षाचा बेदाणा होतो. गावात अशा सतरा शेड होत्या आणि गाव त्यांच्यावरच उभं होतं. जमदाड्यांची शारदा शेडचा सगळा कारभार बघायची. कुंपणापलीकडून रोज सकाळी दोन वाक्यं टाकणारी गावात ती एकटीच होती. पिंपही तिनेच दिलं. द्राक्षं ज्या तेलात बुडवतात, ते तेल ज्यातून येतं, ते निळं प्लास्टिकचं.

"काय करालीस अक्का त्याचं? धान्य भरणार?"

"पावसाचं पाणी धरणार."

"का? नळ रुसलाय व्हय तुझ्यावर?"

उज्ज्वलाबाई हसल्या आणि कामाला लागल्या. त्यांनी पिंप सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतलं. तापवलेल्या सुरीने झाकणाला भोक पाडून त्यावर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली. तळापासून वीतभर वर तोटी बसवली. ती गळली, पुन्हा काढली, आट्यांना पांढरी टेप गुंडाळली, पुन्हा गळली. वरच्या कडेला जास्तीचं पाणी बाहेर जाण्यासाठी नळी काढली. खालून बादली जावी म्हणून पिंप विटांच्या ओट्यावर चढवलं. पत्र्याच्या पन्हळीचं तोंड पाईपने पिंपात सोडलं आणि पहिल्या सरीचं धुळकट पाणी वेगळं निघून जावं म्हणून मध्ये एक आडवा फाटाही ठेवला. आत उजेड गेला की शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून काळा रंग दिला. शारदा रोज कुंपणावरून बघून जायची. "धरण झालं का गं?" असं विचारायची.

श्रावणात पिंप भरलं. तो पाऊस पेऱ्याचा होता.

पेऱ्याचा पाऊस आता सगळ्यांच्या सवयीचा झाला होता. ढग असतात, पण बरसत नाहीत, हे या भागाचं जुनं दुखणं. हवेतल्या वाफेचा थेंब व्हायला तिला टेकायला कण लागतो. धुळीचा, मिठाचा, कशाचाही. काही सूक्ष्म जिवाणूंच्या अंगावर असं एक प्रथिन असतं की वाफ त्याला फार लवकर चिकटते. शास्त्रज्ञांनी असा एक जिवाणू घेतला, त्याचं ते प्रथिन वाढवलं, आणि विमानातून तो ढगात पेरला. एरवी कोरडे निघून जाणारे ढग बरसू लागले. हा जिवाणू जमिनीवर मोकाट सुटू नये म्हणून त्याची एक नाडी कापून ठेवली होती. जगायला लागणारे दोन पदार्थ त्याला स्वतःला बनवता येत नसत. प्रयोगशाळेतून निघताना त्याला त्यांची शिदोरी भरून दिलेली असे. ती संपली की दोन दिवसांत तो मरायचा. काम ढगात, मरण मातीत, असा हिशेब होता. तो चोख होता आणि चार वर्षं चालला.

कचऱ्याची घंटागाडी गाण्याच्या मध्येमध्ये सूचना देत फिरायची: पेऱ्याचं पाणी साठवत असाल तर भांडं दर आठवड्याला पूर्ण रिकामं करून उन्हात वाळवा, साठवलेल्या पाण्यात काहीही मिसळू नका. ही सूचना डासांसाठी आहे अशी गावाची समजूत होती. उज्ज्वलाबाईंच्या पिंपाला तर जाळी होती.

झाडांना नुसतं पाणी देण्यात त्यांना गोडी वाटेना. त्यांनी पिंपात शेणाचा गोळा, मूठभर बेसन आणि गुळाचा खडा टाकून काठीने ढवळायला सुरुवात केली. जीवामृत म्हणून शेतात घालतात तसंच, फक्त पातळ. चार दिवसांत पाण्याला आंबूस वास आला आणि मोगऱ्याने नवी पालवी फोडली. पाणी संपत आलं की त्या तळाचं वीतभर पाणी तसंच ठेवत आणि त्यावर नवं पाणी घेत. कुणी शिकवलेलं नव्हतं. दह्याचं भांडं कधी कोरडं करायचं नसतं. शेवटचा चमचा उद्याच्या दह्यासाठी राखायचा असतो. त्यांच्या आईने तसं केलं, सासूने केलं, त्यांनी चाळीस वर्षं केलं. चांगलं झालेलं पाणी ओतून देऊन भांडं उन्हात घालणं त्यांच्या हातून झालं नसतं. पाऊस थांबल्यावर बोअरचं पाणी त्या विरजणावर पडू लागलं.

पौषात एका सकाळी त्या मागच्या दारी आल्या तेव्हा कढीपत्ता भिजलेला होता. प्रत्येक पानाच्या टोकाला थेंब होता. जास्वंदीवर, मोगऱ्यावर, कुंपणाच्या तारेवरसुद्धा. पलीकडे जमदाड्यांच्या बांधावरचं गवत मात्र कोरडं ठणठणीत होतं.

"पाइपनं मारलंस व्हय पाणी?" शारदाने विचारलं.

"मी आत्ता उठले."

शारदाने कुंपणातून हात घालून एक पान ओढलं, जिभेला लावलं. "दवच हाय की गं. तुझ्या अंगणापुरतंच?"

रोज पडू लागलं. माघ सरला, गावचा ओढा आटला, तरी रोज पडत राहिलं. उज्ज्वलाबाईंनी नवी रोपं लावली; शेवंती, गवती चहा, पुदिना, भिंतीवर चढवायला जाईची वेल. पाणी घालायची गरज उरली नव्हती, तरी त्या घालत. बातमी आधी गल्लीत पसरली, मग गावात. सकाळी सूर्यवंशींची सून पल्लवी लेकीला कडेवर घेऊन दव दाखवायला आली. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन जावा आल्या. मग रोजच कुणी ना कुणी येऊ लागलं. उन्हं अंगणात येईपर्यंतचा तासभर दव असे आणि तो तासभर ओट्यावर बाया असत. उज्ज्वलाबाईंनी मोठं पातेलं माळ्यावरून काढलं. चहात आलं किती घालायचं यावरून वाद झाले. कुणाच्या सासूची नक्कल झाली. पल्लवीची लेक थेंब बोटावर घेऊन त्यात सगळ्यांची तोंडं बघायची. रविवारी केतकीचा फोन आला तर उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "थांब गं जरा, बाया आल्यात."

"आई, कोण बाया?"

"गावातल्या. माझ्याकडे येतात."

यातलं दुसरं वाक्य म्हणताना आपला आवाज बदलला, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

एके दिवशी पल्लवी म्हणाली, "अक्का, ह्या पाण्याचंच काहीतरी हाय. वाईच विरजण द्या की मला."

विरजणाला नाही म्हणायचं नसतं. दिवेलागणीला देत नाहीत, एवढाच नियम. उज्ज्वलाबाईंनी सकाळीच स्टीलच्या डब्यात भरून दिलं आणि शेण, गूळ, बेसन किती ते सांगितलं. पल्लवीच्या तुळशीवर आठवड्यात दव पडलं. मग दुसरीने मागितलं, तिसरीने मागितलं. कुणी माठात घातलं, कुणी रंगाच्या डब्यात, कुणी जुन्या हंड्यात. शारदाने तेवढं मागितलं नाही. "मला कुठं गं फुलं लावायला सवड? माझी द्राक्षं बरी, नि मी बरी."

फाल्गुन लागला. शेड भरल्या.

शारदाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते तक्रारीसारखं वाटलं नाही. "माल वाळंना झालाय गं यंदा. वारा हाय, ऊन हाय, पण सकाळी हात लावावा तर चिकट." आठवड्याने ती म्हणाली, जाळीच्या खालच्या अंगाला थेंब लोंबतात. मग मण्यांवर काळे ठिपके आले, मग केसाळ बुरशी. पिवळाधमक बेदाणा व्हायचा तिथे तपकिरी, आंबलेला लगदा झाला. जमदाड्यांपाठोपाठ मान्यांची शेड गेली, मग ओढ्याकाठच्या तिन्ही. वेलीवर राहिलेल्या द्राक्षांना दव म्हणजे डावणी, पानावरची बुरशी. पानं खालच्या अंगाने पांढरी पडून गळू लागली. बागेला फुलवणारं पाणी द्राक्षाला मारत होतं.

ओट्यावर येणाऱ्या बायांची संख्या तेव्हापासून घटली. एकदा पल्लवीच आली, लेकीला न घेता. तिने विचारलं, "अक्का, ते पाणी... काय न्हाई ना त्यात?" उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "शेण, गूळ, बेसन. तूच घालतेस की." पल्लवी मान हलवून गेली. त्या दुपारी सूर्यवंशींच्या परसातला माठ फुटल्याचा आवाज गल्लीने ऐकला. माठ फुटला तरी पानांवरचं दव काही गेलं नाही.

जिल्ह्याहून तपासणीसाठी डॉक्टर मुल्ला आले. इरफान मुल्ला, मिरजेचे, वयाने केतकीएवढे, सूक्ष्मजीवशास्त्राचे. त्यांनी शाळेच्या सभागृहात यंत्रं मांडली, सगळ्या शेडमधून कापसाचे बोळे फिरवून नमुने घेतले आणि तिसऱ्या दिवशी गावाला बोलावून सांगितलं.

"हा पेऱ्याचाच जिवाणू आहे. पण बदललेला. त्याला आता शिदोरी लागत नाही."

"म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे कुठंतरी त्याला दोन दिवसांच्या पुढं जगायला खाणं मिळालं. अंधार मिळाला, ओल मिळाली. लाखो मेले, काही तगले. तगलेल्यांची प्रजा वाढली, त्यातले पुन्हा मेले, पुन्हा काही तगले. असं बऱ्याच वेळा झालं, की शेवटी उरतात ते फक्त स्वतःचं स्वतः भागवणारे. आता तो पानावर बसतो नि हवेतली असेल नसेल ती वाफ ओढतो. आकाशातलं काम जमिनीवर करतोय."

"आणि ते सुरू कुठनं झालं?"

मुल्लांनी नकाशा दाखवला. सगळ्यात दाट नमुने जमदाड्यांच्या शेडमधले होते. कारणही सरळ होतं: द्राक्षात साखर, फुटलेल्या मण्यांवर वाढणारं यीस्ट, शेडच्या तळाला सावली. जगायला याहून चांगली जागा कुठली? शेडच्या जाळ्या, लाकडी मांडव, सगळं जाळावं लागेल; खालची माती हातभर खोल काढून न्यावी लागेल. मागून कुणीतरी म्हणालं, अक्कांच्या बागेत तर पौषापासून दव आहे. शारदाच उसळून उभी राहिली.

"तिच्या चार कुंड्यांवर कशाला जाताय? माझ्या शेडचंच उडून तिकडं गेलं असंल. करायची ती चौकशी माझी करा!"

उज्ज्वलाबाई शेवटच्या बाकावर होत्या. वारा पश्चिमेचा, आणि शेड त्यांच्या अंगणाच्या पूर्वेला, पिंपापासून वीस पावलांवर. उडालं असेल ते शेडमधून इकडे नव्हे, इकडूनच तिकडे, हे त्यांना तिथे बसल्याबसल्या कळलं.

दुपारी मुल्ला शेजारपाजारची घरं पाहत त्यांच्याकडेही आले. पाणी मागून प्यायले.

"मावशी, पावसाचं पाणी साठवता?"

"झाडांपुरतं."

"त्यात काही मिसळता?"

"नाही."

त्यांनी लिहून घेतलं नाही, मान डोलावली आणि नमुना न घेताच गेले. झाडावरचे जिवाणू शेडमधून आले असतील असंच त्यांनीही धरलं होतं.

त्यानंतरचे दिवस उज्ज्वलाबाईंना पुढे फार आठवत राहिले, कारण त्या दिवसांत शारदा रोज येत होती. पूर्वी कुंपणावरून दोन वाक्यं टाकणारी बाई आता पुढच्या दाराने यायची, ओट्यावर बसायची आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत उठायची नाही. गाव तिच्याशी बोलत नव्हतं. मान्यांनी रस्त्यात तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या शेडनं गाव खाल्लं. तिचा नवरा दिवसभर घरात आडवा असायचा. शेड जाळायला माणसं यायची तारीख ठरायची होती, तोवर आपली शेड स्वच्छ आहे हे दाखवून द्यायचं म्हणून शारदा ब्लीचिंगच्या पाण्याने एकेक जाळी घासत सुटली होती.

"मी कुठं चुकले गं अक्का? दरसाल चुना मारते. फुटका मणी ठेवत न्हाई. कुठं चुकले सांग."

उज्ज्वलाबाई चहा करायच्या. आलं ठेचताना एकदा त्यांच्या लक्षात आलं की आपण आलं आणायला मुद्दाम बाजारात गेलो होतो. शारदाला आवडतं म्हणून. पुढच्या आठवड्याचंही आणलं होतं. आपण बोललो नाही तर हे असंच चालेल. शेड जळेल, आणि जळल्यावर तर शारदाला दुसरी जागाच उरणार नाही. ती रोज येईल. हा विचार वाईट आहे हे त्यांना कळत होतं, तरी त्यांनी तो लगेच झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी शारदाने कप धरायला हात पुढे केले आणि कप तिच्या हातून सुटला. ब्लीचिंगने तळव्यांची सालं निघाली होती. बोटांच्या पेरांत लाल भेगा होत्या. उज्ज्वलाबाईंनी खोबरेल तेलाची वाटी आणली आणि एकेक बोट धरून तेल लावायला घेतलं. शारदाने लहान मुलीसारखे दोन्ही हात पुढे सोडून दिले.

"आख्ख्या गावात एक तूच हायस बघ," ती म्हणाली.

उज्ज्वलाबाईंनी तेल लावणं पूर्ण केलं. कप धुतले. शारदा गेल्यावर त्यांनी स्टीलचा डबा पिंपाच्या तोटीखाली धरला, झाकण लावलं आणि शाळेकडे निघाल्या.

मुल्ला यंत्रावर वाकले होते. उज्ज्वलाबाईंनी डबा टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी मी खोटं बोलले. यात शेण आहे, गूळ आहे, बेसन आहे. श्रावणापासून पिंप कधी रिकामं केलेलं नाही. तळाचं ठेवून त्यावरच घेते."

"का?"

"विरजण म्हणून."

मुल्लांनी डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते खुर्चीत बसले. "बेसनात ते दोन्ही पदार्थ आहेत," ते हळूच म्हणाले. "पिंपाला रंग कुठला दिलाय?"

"काळा."

"अंधार. आणि दर वेळी तळाचं राखलं, म्हणजे दर वेळी तगलेलेच निवडले. पण तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. संध्याकाळपर्यंत कळेल."

उज्ज्वलाबाई बाकावर बसून राहिल्या. शाळा सुटली, मुलं खिडकीतून डोकावून गेली. उन्हं भिंतीवर चढली तेव्हा मुल्ला बाहेर आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून उत्तर कळलं.

"सुरुवात तुमच्याकडचीच. शेडमधला याच्यापासून झालेला आहे." त्यांनी हातमोजे काढले. "इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर शारदा यायची थांबली असती."

मुल्लांनी वही उघडली. त्यांनी कामाचं विचारलं. "हे पाणी आणखी कुणाला दिलंत? नावं लागतील."

"नावं नका मागू. गावातल्या प्रत्येक परसात फवारणी करा. एकही घर सोडू नका. म्हणजे कुणाचं नाव घ्यायला नको."

"प्रत्येक परसात करायचीच आहे. पण सुरुवात कुठून झाली ते मला जाहीर करावं लागेल. नाहीतर जमदाड्यांवरचा ठपका जाणार नाही."

"करा. फक्त उद्या सकाळपर्यंत थांबा. तिला मी सांगते."

शारदा शेडमध्येच होती, पायाशी बादली. उज्ज्वलाबाई जाळीच्या अलीकडे उभ्या राहिल्या. खिडकीवर असताना गाडी रद्द झाल्याचं रांगेला सांगावं लागे. ते एका दमात सांगायचं असतं, मध्ये थांबलं की सांगून होत नाही. त्यांनी तसंच सांगितलं. पिंप, बेसन, विरजण, वारा, मुल्लांना सांगितलेलं खोटं. शारदाचा हात घासता घासता थांबला. तिने ब्रश बादलीत टाकला, पदराला हात पुसायला गेली आणि भेगा झोंबल्या म्हणून तसेच धरून उभी राहिली.

"सकाळी तेल लावलंस तवा ठावं हुतं तुला?"

"हो."

शारदाने बाहेरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

फवारणी चार दिवस चालली. अंगावर पांढरे पोशाख घातलेली माणसं घरोघर फिरली. उज्ज्वलाबाईंच्या अंगणापासून त्यांनी सुरुवात केली. पिंप करवतीने कापून तुकडे पोत्यांत भरून नेले. औषधाने पानं आधी पांढरी पडली, मग करपली. कढीपत्ता, जाई, शेवंती, पुदिना, काही राहिलं नाही. गावातल्या सगळ्या परसांत तेच झालं, आणि आपल्या तुळशी करपल्याचा राग बायांनी एकाच घरावर काढला. विरजण कुणाकुणाच्या घरी गेलं होतं हे उज्ज्वलाबाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि म्हणूनच बहुतेक त्यांच्याकडे बघणं बायांना जास्त जड गेलं असावं. पल्लवी समोरून आली की लेकीला दुसऱ्या कडेवर घ्यायची.

जमदाड्यांची शेड जाळली नाही, फवारणीवर भागलं. हंगाम मात्र गेला. त्यांचाही, बाकी सोळांचाही. सरकारने पेरणी थांबवली, नवा जिवाणू येईपर्यंत. मुल्लांचा अहवाल तयार होऊन वर गेला. त्यात ज्या सूचना नव्याने घातल्या, त्या घंटागाडीवरून आता डासांच्या सूचनेआधी येत, आणि लोक थांबून ऐकत.

केतकीचा रविवारी फोन आला. तिने बातमी वाचली होती.

"आई, तू तिथं कशाला राहतेस आता? इकडं ये."

"तिकडं मी काय करू?"

"तिथं काय करतेस?"

"बघू," त्या म्हणाल्या.

चैत्र गेला. हवा पूर्वीसारखी कोरडी झाली. सकाळी अंगण जसं रात्री होतं तसंच असे, तपकिरी आणि सुकं. त्या ओट्यावर बसून एकटीपुरता चहा घेत. रस्त्याने जाणारे वेग वाढवून जात. दिवसभरात घशातून आवाज निघाला नाही असे दिवस येऊ लागले, आणि मग एखाद्या संध्याकाळी त्या मुद्दाम मोठ्याने काहीतरी म्हणत. तासगाव, मिरज, पंढरपूर, विजापूर; खिडकीवरून म्हणत असत तशी गावांची नावं. आवाज आहे याची खात्री झाली की गप्प बसत.

वैशाखात एका सकाळी फाटकाची कडी वाजली. शारदा आत आली. चप्पल न काढता ओट्यासमोर उभी राहिली.

"मी बसायला आल्याली न्हाई," ती म्हणाली.

"बरं."

"मी भांडायला आल्याय. इतके दिस तोंड बांधून बसले. आता बोलणार, आणि तू ऐकणार. मधी एक शब्द बोलायचा न्हाई."

उज्ज्वलाबाईंनी मान हलवली. शारदाने सुरुवात केली. नवऱ्याने खाणं सोडलं होतं ते सांगितलं. मान्यांच्या बाईने लग्नात पंगतीतून उठवलं ते सांगितलं. कुठल्या जाळीवर किती आशेने माल टाकला होता, आणि तो फावड्याने कसा ओढून खड्ड्यात लोटला, ते सांगितलं. "आणि तू आलं घालून चहा पाजत हुतीस!" ती ओरडली. "आलं घालून! माझे हात हातात घेऊन! अगं, वैरीण परवडली. वैरीण निदान तेल तरी लावत न्हाई!" समोरच्या घराची खिडकी उघडली. शारदाने तिकडे वळून "बंद कर गं ती, तुझ्याकडंबी हंडा हुता, ठावं हाय मला," असं सुनावलं. खिडकी लागली. ती पुन्हा इकडे वळली आणि जिथे थांबली होती तिथून पुढे चालू झाली.

उज्ज्वलाबाई ऐकत होत्या. एकही आरोप खोटा नव्हता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन ओट्याच्या पायरीवर आलं, मग पायरी चढलं. शारदाला धाप लागली. बोलता बोलता ती कधी ओट्याच्या कडेला टेकली हे तिच्याही लक्षात आलं नसावं. लक्षात आलं तशी ती ताडकन उठली.

"पाणी देऊ?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"तुझ्या घरचं पाणी?" शारदा म्हणाली. तिने पदर झटकला, फाटकापर्यंत गेली, आणि तिथून मागे न बघता म्हणाली, "माझं बोलून संपल्यालं न्हाई अजून. उद्या येणार हाय."

फाटक आपटलं. उज्ज्वलाबाई तशाच बसून राहिल्या. सतरा शेड, एक अख्खा हंगाम, आणि ते हात. एवढं नुकसान एका दिवसात बोलून संपण्यासारखं नव्हतं. दोन दिवसांतही नव्हतं. शारदा मनाला लागलेलं काही सोडून देणारी बाई नव्हती, ती एकेक गोष्ट काढून बोलेल, आणि बोलायला तिला यावंच लागेल.